तीन इंच अडीच सूत

आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मराठी मंडळींचे गाडीबद्दल दोन प्रश्न ठरलेले असतात. कितीला पडली, आणि ॲव्हरेज काय देते. पहिल्याचं उत्तर बायकोसमोर देता येत नाही. दुसऱ्याचं दिलं की लोक हसतात. गॅलनला अकरा मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरही नाहीत.

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. कूपे, म्हणजे दोन दारं आणि दोन माणसं. मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, छप्पर मुळात होतं त्याहून तीन इंच खाली. इंजिन १९५० चं, गिअरबॉक्स १९३९ चा, ब्रेक १९४० च्या दशकातल्या एका सेडानचे. जुनी गाडी होती तशी चकाचक करून ठेवणारे लोक वेगळे. ते माझी गाडी बघून हळहळतात. आमची जात हॉट रॉडवाल्यांची. जुनी हलकी गाडी घ्यायची, नको ते उतरवून टाकायचं, इंजिन फुगवायचं आणि पळवायची.

हा नाद मूळचा इथला, दक्षिण कॅलिफोर्नियातला. १९३२ साली हेन्री फोर्डने साध्या माणसाच्या गाडीत व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. चार-पाच वर्षांत त्याच गाड्या सेकंडहँड बाजारात मातीमोल भावाने मिळायला लागल्या आणि पोरांच्या हाती लागल्या. पोरं त्या मुरॉक, एल मिराज अशा वाळलेल्या तळ्यांवर नेऊन पळवायची. त्यांच्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये एससीटीए ही संघटना काढली. युद्धावरून परतलेल्या पोरांनी रस्त्यावर शर्यती लावून पोलिसांच्या नाकी नऊ आणले, तेव्हा सांता ॲनाच्या विमानतळावर धावपट्टीचा एक भाग मिळवून १९५० मध्ये रीतसर ड्रॅग रेस सुरू झाल्या. पाव मैल, १३२० फूट, सरळ रेषेत, दोन गाड्या शेजारी शेजारी. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्सनी एनएचआरए ही हॉट रॉडवाल्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्या विमानतळाला आता सिनेनट जॉन वेनचं नाव आहे. माझं घर तिथून वीस मिनिटांवर.

मी इथे १९८८ साली आलो. कोल्हापूरचा. आबांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल मशीन. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. शाळेच्या सुट्टीत मला तिथे बसायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. पोरानं इंजिनिअर व्हायचं, पोराचे हात काळे होता कामा नयेत, असा त्यांचा दंडक. झालो इंजिनिअर. इतका पक्का की नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत एकदाही पाना हातात धरला नाही.

दोन घरं सोडून एक म्हातारा राहायचा. विमानाच्या कारखान्यात लेथवर जन्म काढलेला. दर शनिवारी त्याच्या गराजमधून एक आवाज यायचा. तो आवाज फोर्डच्या त्या जुन्या व्ही-एटचा, त्याला फ्लॅटहेड म्हणतात. फ्लॅटहेडला चार सिलिंडरमागे धूर बाहेर टाकायची तोंडं तीनच असतात. मधल्या दोघांचं तोंड एक. त्यामुळे तो आवाज एकसारखा येत नाही, हुक्क्यासारखा गुडगुडतो. महिनाभर ऐकला आणि एका शनिवारी जाऊन दारात उभा राहिलो. त्याने वर बघितलं आणि झाडू माझ्या हातात दिला.

सहा महिने मी झाडत होतो. तालमीत नव्या पोराला आधी हौद्यातली माती खणायला लावतात, तसं. मग बोल्ट धुवायला मिळाले. मग प्रत्येक भोकात टॅप फिरवून आटे साफ करायला. मी मनात त्याला वस्ताद म्हणायला लागलो, आणि एकदा तोंडातून निघून गेलं. अर्थ सांगितल्यावर त्याला ते इतकं आवडलं की त्याने टूलबॉक्सवर रंगाने लिहून घेतलं. वस्ताद तरुणपणी विल्मिंग्टनच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गाडी पळवायचा. ती स्ट्रिप १९५५ ला सुरू झाली, १९७२ च्या डिसेंबरात बंद पडली. समुद्र जवळ, हवा थंड आणि दाट, त्यामुळे तिथे इंजिनाला जास्तीचा दम मिळायचा, असं तो सांगायचा. ते बंद पडल्याचं सांगताना मात्र घरातलं माणूस गेल्यासारखा बोलायचा.

१९९४ मध्ये मी स्वतःची बॉडी घेतली. एका शेतावर पडलेली, तळ गंजून गेलेला, सीटखाली उंदरांचं घर. ती घरी आणली त्या दिवशी बायको काही बोलली नाही. बोलली ती छप्पर कापायला घेतलं तेव्हा. "अहो, धड होतं तेवढं एक छप्पर, तेही कापताय?"

तिचंही चुकीचं नव्हतं. मॉडेल ए कूपेचे खांब जवळजवळ सरळ उभे असतात, म्हणून छप्पर खाली घ्यायला ही गाडी सोपी मानतात. काचाही सपाट, कुठलाही काचवाला कापून देतो. कागदावर फक्त प्रत्येक खांबातला तीन इंचांचा तुकडा काढायचा आणि वरचा भाग खाली बसवायचा. मी चिकटपट्ट्या लावल्या, तीनदा मोजलं, कापलं. ब्लेडची जाडी विसरलो. डाव्या दाराच्या चौकटीवर रेघेच्या आतून एक काप, बाहेरून एक काप, असं होऊन सूतभर जास्तच गेलं. दार लावलं की वर करंगळी जाईल एवढी फट. मी जमिनीवर बसून राहिलो. वस्ताद आला, त्याने फटीत करंगळी घातली, काढली, आणि म्हणाला, "वारा चांगला येईल." मग दोघांनी पट्टी वेल्ड करून ती फट बुजवली. त्यात दोन शनिवार गेले. आजही उन्हात विशिष्ट कोनातून बघितलं तर ती पट्टी दिसते. मला तरी दिसते.

इंजिनाचं मात्र मनासारखं होईना. जो तो म्हणे, शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचांचं इंजिन टाक. स्वस्त, सुटे भाग गल्लोगल्ली, तिप्पट ताकद. खरं आहे. १९५५ मध्ये शेव्हरलेचं लहान व्ही-एट आलं आणि दोन-चार वर्षांत फ्लॅटहेड शर्यतीतून जवळजवळ उठलंच. पण ३५० टाकलेल्या शंभर गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्या एकाच आईची लेकरं दिसतात. विकत आणून बसवलेल्या इंजिनाशी माझं वैर नाही, माझं फक्त तिथे मन लागत नाही.

१९९६ च्या मे महिन्यात आई-आबा तीन महिन्यांसाठी आले. आबांना चार दिवसांत कंटाळा आला. चालायला जावं तर रस्त्यावर माणूस नाही, घरात बसावं तर टीव्ही कळत नाही. पाचव्या दिवशी त्यांना वस्तादच्या गराजमध्ये सोडून मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर दोघं एका व्हर्निअरवर वाकलेले. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला मराठी शून्य. पण अमेरिकेत अजून इंच आणि थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, चालतात, आणि आबांची सगळी हयात इंच आणि थाउमध्येच गेलेली. बोलायला तेवढं पुरे होतं.

त्याच आठवड्यात एका जुन्या बाजारात मला फ्लॅटहेडचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव सांगाडा, मिळाला. आबांनी हातोडीच्या दांड्याने दोन-चार ठिकाणी ठोकून कान लावला. "खणखणीत हाय. घे." घेतला. मशीनशॉपवाल्याने तो मॅग्नाफ्लक्सला लावला, म्हणजे लोखंडाला चुंबकत्व देऊन वर बारीक लोखंडी भुकटी टाकायची. चीर असली की भुकटी तिथे जमून रेघ उमटते. उमटली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर सोडणारी झडप, जिथे बसते तिथपासून थेट सिलिंडरपर्यंत, केसासारखी. आबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "असल्या पावडरी आमच्या वेळी नव्हत्या." यापलीकडे माघार नाही.

दुसरा ब्लॉक एका संत्र्याच्या बागेत सापडला. जुन्या ट्रकचं इंजिन, पाण्याच्या पंपाला जोडलेलं, कित्येक वर्षं बंद. आबा त्याच्याभोवती फिरले आणि त्यांचा चेहरा खुलला. आपल्याकडे उसाला पाणी पाजायचं तेच काम हे इथे संत्र्याला करत होतं. भुकटीची परीक्षा हा ब्लॉक पास झाला.

इथून पुढे खरी गंमत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह डोक्यावर नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण. पण त्यामुळे जळून आलेला गरम धूर ब्लॉकच्या आतूनच, पाण्याच्या वाटा ओलांडून बाहेर जातो. म्हणजे आपल्याच पाण्याला आपणच चूल लावायची. हे इंजिन तापतं अशी त्याची जगभर बदनामी आहे, आणि लोक मोठा रेडिएटर, मोठा पंखा, नवे पंप यांवर पैसे घालत बसतात.

आबांनी ब्लॉक उलटा करायला सांगितला. हेडखालच्या पाण्याच्या भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, अंगठ्याने चोळलं. चोळलेल्याचा वास घेतला. "आरं, ह्यात वाळू हाय."

मला वाटलं बागेतली असेल. आबांनी मान हलवली. "ही कोअरची. भट्टीतली."

ज्यांनी ओतकाम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. बिडाच्या ओतीव वस्तूत आत पोकळी हवी असेल तर तिथे वाळूचा घट्ट भाजलेला गाभा, म्हणजे कोअर, ठेवून भोवती लोखंड ओततात. गार झाल्यावर कोअर फोडून वाळू काढून टाकायची. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरचा ब्लॉक अख्खा एका ओतीत काढणं, हीच १९३२ मधली फोर्डची करामत होती. आत वळणावळणाच्या पाण्याच्या वाटा, प्रत्येकीचा कोअर वेगळा. इतक्या अडचणीतली वाळू सगळी निघते कुठे? कारखान्यात निघाली नाही, ती इंजिनाच्या पोटात तशीच राहून गेली. सेहेचाळीस वर्षं.

पुढचे बारा दिवस आबांनी दुसरं काही केलं नाही. गराजच्या दारात स्टुलावर बसायचे. जुन्या क्लचची केबल उलगडून तिचे तारांचे टोकदार झुपके केले, एक ड्रिलमध्ये बसवला, बाकीचे हाताने चालवायला. भोकात तार घालायची, फिरवायची, ब्लॉक कलता करून हातोडीने हळूच ठोकायचं, आणि खाली धरलेल्या ताटात पडेल ते बघायचं. आधी गंजाचा लाल चिखल पडला. मग काळी वाळू, सुरुवातीला चिमूटभर, मग सर्रकन मूठभर. नवव्या दिवशी मागच्या दोन सिलिंडरांच्या मधे काहीतरी अडकलं, आबांनी पक्कड घालून ओढलं. वीतभर तार आली, जाडसर, वाकडी. कोअर मोडू नये म्हणून आत घालतात ती तार. मिशिगनमधल्या कुण्या ओतारी माणसाने ती घातली होती आणि काढायची राहिली होती. आबा ती तार उलटसुलट करून बघत राहिले. "आमचा माणूसबी आसंच करायचा," म्हणाले, आणि त्या माणसाला नावानिशी एक शिवी दिली.

वाळू जमा केली ती चहाचा एक डबा भरून. डबा आजही फळीवर आहे.

मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, किती करायचा यावर बैठक बसली. जुन्या रेसवाल्यांत फ्लॅटहेडचं एक नावाजलेलं माप आहे, 'थ्री-एट्थ्स बाय थ्री-एट्थ्स'. मी भाषांतर केलं: तीन सूत बाय तीन सूत. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, त्यामुळे आबांना ते लगेच कळलं, आणि लगेच खटकलं. कारण यातले पहिले तीन सूत म्हणजे बोअर तीन इंच तीन सूत. दुसरे तीन सूत म्हणजे क्रँकचा स्ट्रोक, पिस्टनची वर-खाली धाव, मूळच्या पावणेचार इंचांपेक्षा तीन सुतांनी जास्त. "एकाला अख्खं माप आन दुसऱ्याला वाढीव? ह्यो कुठला हिशोब?" मी ते वस्तादला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. चाळीस वर्षं तो हे माप बोलत आला होता, कुणी त्याला हे विचारलं नव्हतं.

पण तेवढा बोअर दोघांनाही नको होता. गंजलेला ब्लॉक, सिलिंडरची भिंत आतून किती उरली आहे कोण जाणे. शेवटी तीन इंच अडीच सूत ठरलं. मूळ माप तीन इंच दीड सूत, म्हणजे एक सूत वाढवायचं. सोबत १९४९ च्या मर्क्युरी गाडीची चार इंच स्ट्रोकची क्रँक. हिशोब केला तर २७६ क्युबिक इंच होतात, साडेचार लिटर. त्यानंतर वस्ताद प्रत्येक माप सुतात सांगायला लागला. त्याच्या तोंडी ते 'सूट' व्हायचं.

आई-आबा ऑगस्टमध्ये परत गेले, आणि काम लगेच अडलं. मशीनशॉपमधून ब्लॉक घरी आला, क्रँक ठेवली, तिला धरून ठेवणाऱ्या कॅप आवळल्या, क्रँक हलेना. फ्लॅटहेडला क्रँक ज्यांत फिरते ती मेन बेअरिंग तीनच. त्या तीनपैकी मधली कॅप दुसऱ्याच कुठल्या ब्लॉकची निघाली. कॅप आणि ब्लॉक जोडीने बोअर केलेले असतात, अदलाबदल चालत नाही. पाच आठवडे आमची कॅप त्यांच्या भंगारात शोधणं चाललं. सापडली. तेव्हापासून माझ्या गराजमधून ब्लॉक बाहेर जातो तो प्रत्येक कॅपवर पंचाने खूण करूनच. चासीला पट्ट्या भरून मजबुती, हायड्रॉलिक ब्रेक, वायरिंग यांत पुढचं वर्ष गेलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वायरिंगबद्दल तर लिहू नयेच.

१९९७ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा स्टार्टर दाबला. तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, तिन्हींची तोंडं उघडी, मी वर वाकून बघतोय. तिन्हींतून एकदम जाळ आला. उजवी भुवई गेली. वस्तादने आधी पेट्रोलचा नळ बंद केला, मग मला बाजूला केलं, आणि मग वायरींकडे बघितलं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, मी बरोबर लावली होती, १-५-४-८-६-३-७-२. सिलिंडरचे नंबर चुकले होते. शेव्हरलेत एका बाजूला एक-तीन-पाच-सात, दुसऱ्या बाजूला दोन-चार-सहा-आठ. फोर्डमध्ये एका बाजूला एक ते चार, दुसऱ्या बाजूला पाच ते आठ. मी वाचलेलं पुस्तक शेव्हरलेचं होतं. वायरी बदलल्या, पुन्हा दाबला, आणि तो हुक्का माझ्या गराजमध्ये वाजायला लागला. बायको पोळ्या टाकायच्या सोडून बाहेर आली. माझी भुवई बघून आत गेली आणि बर्नॉल घेऊन आली.

पुढच्या वसंतात गाडी ट्रेलरवर घालून बेकर्सफील्डजवळच्या फमोसोला नेली. भोवती बदामाच्या बागा आणि मधे एक जुनी धावपट्टी. १९५९ पासून मार्चमध्ये तिथे मोठी शर्यत भरते. आम्ही गेलो तो दिवस साध्या सरावाचा होता, पैसे भरा आणि पळवा. तपासणीवाल्याने बॅटरीचा पट्टा हलवून बघितला, रेडिएटरचं उतू जाणारं पाणी पकडायचा डबा बघितला, आणि कार्ब्युरेटरपाशी थांबला. पाय उचलल्यावर थ्रॉटल परत ओढणारी स्प्रिंग मागच्याला होती, पुढच्या दोघांना नव्हती. नाही म्हणाला. रांगेतल्या एका अनोळखी माणसाने स्वतःच्या टूलबॉक्समधून दोन स्प्रिंगा काढून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

शेजारच्या लेनमध्ये होंडा घेऊन आलेला एक पोरगा, असेल अठरा-एकोणीसचा. दिव्यांचा खांब असतो, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा. हिरवा लागला की सुटायचं, अशी माझी समजूत. खरं तर शेवटचा पिवळा दिसताच सुटायचं असतं, गाडी हलेपर्यंत हिरवा होतोच. होंडा गेली तेव्हा मी दिवाच बघत होतो. मग क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, गाडी थोडी आडवी गेली, सरळ झाली, दुसरा गिअर, आणि छपरावरच्या कापडाने फडफडायला सुरुवात केली. पट्टी लावलेल्या दारातून वारा येत नव्हता, एवढं त्या गडबडीतही लक्षात आलं. होंडाला साधारण हजार फुटांवर मागे टाकलं.

चिठ्ठी हातात आली. रिॲक्शन १.३ सेकंद, म्हणजे लाजिरवाणी. पण वेळ मोजायला सुरुवात होते गाडी रेषेवरून हलल्यापासून, त्यामुळे दिवा बघत बसण्याचा दंड त्यात येत नाही. १५.४८ सेकंद, ताशी ८७ मैल. आजकालची चांगली फॅमिली कारही याहून वेगात जाते. वस्तादने चिठ्ठी दोनदा वाचली आणि गाडीभोवती एक फेरी मारून कुठे तेल गळतंय का बघितलं.

त्या रात्री कोल्हापूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी आकडे सांगितले. सेकंद, मैल, होंडा, सगळं. आबांनी ऐकून घेतलं.

"पाणी किती तापलं?"

"एकशे नव्वद."

पलीकडे एकदम शांतता. मग, "किती?"

"फॅरनहाइट, आबा. आपलं अठ्ठ्याऐंशी."

"मग ठीक हाय," म्हणाले. "गार झाल्यावर हेड एकदा परत आवळून घे. एकेका हेडचे चोवीसच्या चोवीस बोल्ट."